गटात न बसणारं पद

आमच्या कात्रजमध्ये हल्ली किराणा दुकानांपेक्षा अभ्यासिका जास्त झाल्यात की काय, अशी शंका यावी इतक्या त्यांच्या पाट्या दिसतात. भारती विद्यापीठाच्या आसपासच्या गल्ल्यांतून संध्याकाळी फिरताना मी त्या वाचत असते. (पाट्या वाचायची सवय शिक्षकाची, ती कुठे जाणार!) बँकिंग, एमपीएससी, पोलीस भरती, टेट... आणि त्याखाली हमखास एक शब्द, 'अ‍ॅप्टिट्यूड'. कुणी जरा मराठीचा अभिमानी असेल तर 'अभियोग्यता'.

आता गंमत बघा. अभियोग्यता म्हणजे अंगात असलेली क्षमता. अमुक काम शिकवलं तर या माणसाला ते जमेल का, याचा अंदाज. मग जे अंगातच असतं, त्याचा क्लास कसा लावायचा? उंची मोजायच्या आधी कुणी उंचीचा क्लास लावतं का? चाळीस वर्षं पोरांना शिकवल्यावर आणि त्यातली बरीच वर्षं स्कॉलरशिपचे जादा तास घेतल्यावर या प्रश्नाचं उत्तर मला थोडंफार सापडलं आहे, असं वाटतं. त्यासाठी जरा मागे जावं लागेल. मंडळी, इतिहासाचा तास आहे, पण कंटाळा येऊ देणार नाही!

नोकरीसाठी सर्वांना खुली लेखी परीक्षा ही आपल्या देशाच्या कारभारात आली ती १८५३ च्या चार्टर कायद्याने. तोपर्यंत ईस्ट इंडिया कंपनीत साहेब म्हणून यायचं तर कंपनीच्या एखाद्या डायरेक्टरची शिफारस लागे. म्हणजे आपल्या भाषेत वशिला. हा वशिला बंद करायचा म्हणून परीक्षा. तिचं स्वरूप ठरवायला १८५४ मध्ये मेकॉलेच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि १८५५ मध्ये लंडनला पहिली परीक्षा झाली. समितीचं म्हणणं साधारण असं होतं की, उमेदवाराला महसूल किंवा हिंदुस्थानचा कारभार येतो का ते आता बघू नका. तो जे शिकलाय त्यात चमकलाय का ते बघा, कारण जो एका विषयात हुशार तो दुसरंही शिकेल. 'अभियोग्यता' हा शब्द त्यांनी वापरला नसेल, पण कल्पना तीच. नुसतं वरवरचं घोकून आलेल्याला फायदा होऊ नये, अशीही त्यांची इच्छा होती.

झालं काय? काही वर्षांतच लंडनमध्ये या परीक्षेचे खास क्लास निघाले! तिथे त्यांना 'क्रॅमर' म्हणत, म्हणजे ठासून भरणारे. पॉविस स्क्वेअरमधला वॉल्टर रेन यांचा क्लास तर फार प्रसिद्ध होता. तेव्हा सदाशिव पेठेतल्या क्लासवाल्यांनी उगाच वाईट वाटून घेऊ नये. त्यांचं घराणं जुनं आहे.

या परीक्षेत आपल्याकडची माणसंही बसली. १८६३ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर उत्तीर्ण झाले, ते पहिले भारतीय. त्यानंतर १८६९ मध्ये एकदम चौघे आले: सुरेंद्रनाथ बॅनर्जी, रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त आणि आपल्या मुंबईचे श्रीपाद बाबाजी ठाकूर. पहिल्या तिघांची नावं इतिहासाच्या पुस्तकात असतात, ठाकूर मात्र कुणाला आठवत नाहीत. त्यांची आणि बॅनर्जींची निवड वयावरून अडली होती. कारण ऐकाल तर हसाल. आपल्याकडे 'सोळावं लागलं' की सोळा वर्षांचा म्हणतात, तिकडे सोळा पूर्ण झाल्यावर म्हणतात. या एका वर्षाच्या फरकाने दोघांची नावं यादीतून गेली. बॅनर्जी कोर्टात गेले आणि शेवटी दोघांनाही परत घेतलं गेलं. पेपर दोघांनीही उत्तम दिला होता. अडलं ते विचारणाऱ्याची मोजपट्टी आणि उत्तर देणाऱ्याची मोजपट्टी वेगळी होती म्हणून. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि परीक्षा लंडनला! इथे, अलाहाबादला, ती घ्यायला १९२२ साल उजाडलं. म्हणजे पासष्ट-सहासष्ट वर्षं 'सर्वांना खुली' या शब्दांत बोटीचं भाडं धरलेलं नव्हतं. चिंतामणराव देशमुख १९१८ मध्ये या परीक्षेत पहिले आले ते केंब्रिजला शिकून. त्यांच्या बुद्धीबद्दल कोण शंका घेईल? पण तेवढीच बुद्धी असलेला आणि बोटीपर्यंत न पोचलेला दुसरा कुणी असेलच ना!

आता थोडं वेगळीकडे. बुद्धी मोजायची चाचणी पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि सिमों यांनी १९०५ मध्ये तयार केली. बिनेचा हेतू फार चांगला होता. शाळेत मागे पडणारी मुलं वेळीच ओळखावीत आणि त्यांना जास्त मदत द्यावी. बुद्धी म्हणजे दगडावरची रेघ, कमी-जास्त होणारच नाही, या समजुतीला त्याचा विरोधच होता. पण चाचणी अमेरिकेत गेली आणि तिचा उपयोग निवडीसाठी सुरू झाला. पहिल्या महायुद्धात, १९१७-१८ मध्ये, अमेरिकी सैन्याने सुमारे १७ लाख जवानांची चाचणी घेतली. लिहिता-वाचता येणाऱ्यांना 'आल्फा', न येणाऱ्यांना चित्रांची 'बीटा'. आल्फा चाचणीत एक प्रश्न असा होता की 'क्रिस्को' म्हणजे काय: औषध, जंतुनाशक, दंतमंजन की खाद्यपदार्थ? क्रिस्को हा तिकडचा वनस्पती तुपाचा ब्रँड! नुकता बोटीतून उतरलेला इटलीचा शेतकरी काय सांगणार? बीटा चाचणीत टेनिस कोर्टाचं चित्र दाखवून काय राहिलंय ते विचारलं होतं. जाळी राहिली होती. ज्याने टेनिस पाहिलंच नाही त्याला काय राहिलं ते कसं कळावं?

या गुणांवरून कार्ल ब्रिगम नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये निष्कर्ष काढला की अमुक देशांतून येणारे लोक बुद्धीने कमी. याच ब्रिगमने पुढे १९२६ मध्ये कॉलेजप्रवेशाची 'सॅट' परीक्षा तयार केली. तिच्या नावातच 'अ‍ॅप्टिट्यूड' होतं. १९३० मध्ये त्याने स्वतःच आपला आधीचा निष्कर्ष निराधार असल्याचं जाहीर केलं, हा त्याचा मोठेपणा. पण चाचणी राहिलीच. सॅटची तयारी शिकवणीने होत नाही, असं ती घेणारे कित्येक वर्षं सांगत होते. ब्रुकलिनमधला स्टॅन्ली कॅप्लान, एका प्लंबरचा मुलगा, तिची तयारी घरच्या तळघरात करून घेत होता आणि त्याच्या मुलांचे गुण वाढत होते. १९७९ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनच्या अभ्यासातही शिकवणीचा फायदा होतो असंच दिसलं. पुढे १९९० च्या दशकात सॅटच्या नावातून 'अ‍ॅप्टिट्यूड' हा शब्दच काढून टाकला गेला. असो.

आता या सगळ्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट. रशियन मानसशास्त्रज्ञ लुरिया १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानात खेड्यापाड्यांत गेला. तिथल्या निरक्षर शेतकऱ्यांना त्याने चित्रं दाखवली: हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका. गटात न बसणारं कोणतं? आपण शाळेत गेलेली माणसं पटकन म्हणणार, ओंडका, कारण बाकी अवजारं. शेतकरी म्हणाले, सगळी एकत्रच हवीत. करवत ओंडका कापते, कुऱ्हाड फोडते, ओंडका काढला तर अवजारांनी करायचं काय?

ही हकीकत मी वाचली तेव्हा मला आमचा एक विद्यार्थी आठवला. माझ्या शाळेत मांगडेवाडी, भिलारेवाडीकडून मुलं चालत यायची. तेव्हा कात्रज म्हणजे पुण्याबाहेरचं खेडंच. चौथीच्या स्कॉलरशिपच्या तासाला मी फळ्यावर लिहिलं: गाय, म्हैस, शेळी, बैल. गटात न बसणारं पद ओळखा. पुस्तकातलं उत्तर बैल, कारण तो दूध देत नाही. एक मुलगा उभा राहून म्हणाला, "बाई, शेळी." का रे? तर म्हणाला, "ती आमच्यासंगं डोंगरावर येती. बाकीची गोठ्यात ऱ्हात्यात." आता सांगा, हे उत्तर चूक कसं? त्याच्या घरात जनावरांची विभागणी खरोखर तशीच होती. मी त्याला बसवून सांगितलं, "तुझं कारण पटण्यासारखं आहे. पण पेपर काढणारे कधी तुझ्या गोठ्यात आलेले नाहीत. ते काय विचार करतील ते आपण शिकायचं." त्या वर्षभरात तो ते शिकला. त्याची बुद्धी जूनमध्ये होती तेवढीच मार्चमध्ये होती, गुण मात्र दुप्पट झाले.

मला सापडलेलं उत्तर ते हेच. या परीक्षांमध्ये बुद्धी लागते हे खरंच, पण बुद्धीबरोबर आणखी एक गोष्ट मोजली जाते: विचारणाऱ्याच्या डोक्यातली विभागणी तुम्हाला माहीत आहे का? आणि ती शिकवता येते. म्हणून तर क्लास चालतात.

आपल्या महाराष्ट्रात ही विभागणी शिकवण्याची एक चांगली जुनी सोय होती, हे आपण विसरतो. बिनेच्या चाचणीचं मराठी आणि कानडी मुलांसाठी रूपांतर व्ही. व्ही. कामत यांनी केलं आणि १९४० मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. नुसतं भाषांतर करून भागत नाही, प्रश्न इथल्या मुलांच्या जगातले हवेत, हे त्या कामामागचं सूत्र. पुढे १९५० च्या दशकापासून सरकारची चौथी-सातवीची शिष्यवृत्ती परीक्षा आली आणि तिच्यातून 'बुद्धिमत्ता चाचणी' हा विषय गावोगाव पोचला. (२०१६-१७ पासून ती पाचवी-आठवीला नेली गेली.) समसंबंध, वर्गीकरण, क्रमश्रेणी, सांकेतिक भाषा, आरशातली प्रतिमा! जिल्हा परिषदेच्या कितीतरी गुरुजींनी सकाळी सातला किंवा शाळा सुटल्यावर याचे तास फुकट घेतले. पैसे मागण्याची पद्धतच नव्हती.

आता नोकरीकडे येऊ. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. आपली बँक ऑफ महाराष्ट्रही त्यात होती. देशात तेव्हा बँकांच्या आठ हजारांच्या आसपास शाखा होत्या, १९९० पर्यंत त्या साठ हजारांच्या घरात गेल्या. एवढी माणसं घ्यायची कशी? अर्ज लाखांनी. ओळखीपाळखीने घेण्याचे दिवस संपवायचे होते. त्याच १९६९ साली रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्था, म्हणजे एनआयबीएम, मुंबईत स्थापन झाली होती. पुढे ती आमच्या शेजारी कोंढव्यात आली. आज पुष्कळांना 'एनआयबीएम रोड' हा फ्लॅटच्या जाहिरातीतला पत्ता वाटतो! या संस्थेत १९७५ मध्ये भरतीच्या चाचण्या तयार करणारा विभाग निघाला. तोच १९८४ मध्ये स्वतंत्र झाला आणि त्याचं नाव झालं आयबीपीएस. आज बँकेची तयारी करणाऱ्या प्रत्येक मुलामुलीच्या तोंडी असलेलं नाव.

मी स्वतः १९७६ च्या सुमाराला एका बँकेची कारकुनाची परीक्षा दिली होती. मराठी माध्यमातून बी.ए. झाले होते. पेपर इंग्रजीत. एका भागात चौकोन, त्रिकोण, फिरणारे बाण आणि 'पुढे काय येईल?' असे प्रश्न. लहानपणी स्कॉलरशिपला बसले नव्हते, त्यामुळे अशा प्रश्नांशी माझी ती पहिलीच भेट. शेजारच्या बाकावरची मुलगी भराभर खुणा करत होती. बाहेर आल्यावर कळलं, तिचा मोठा भाऊ बँकेत होता आणि त्याने महिनाभर तिचा सराव करून घेतला होता. तिची निवड झाली, माझी नाही. तिने काही लबाडी केली होती का? मुळीच नाही. तिला सराव मिळाला, मला तो असतो हेच माहीत नव्हतं. मी शिक्षिका झाले आणि त्यात सुखी झाले, तेव्हा तक्रार नाही. पण स्कॉलरशिपचे तास मी इतकी वर्षं का सोडले नाहीत, याचं कारण तुम्हाला आता कळलं असेल.

गोल फिरून हे सगळं परत शिक्षकांपाशीच आलं. २०१७ मध्ये महाराष्ट्र सरकारने शिक्षक भरतीसाठी 'शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी' सुरू केली. पहिली त्या डिसेंबरात, दुसरी २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, तिसरी २०२५ मध्ये. दोनशे प्रश्न, १२० मिनिटं. हिशोब करा, एका प्रश्नाला ३६ सेकंद! घेणार कोण, तर पुण्यातली राज्य परीक्षा परिषद, जी स्कॉलरशिपही घेते. आणि २०२३ ची ऑनलाइन परीक्षा पार पाडली आयबीपीएसने. हेतू पुन्हा तोच, १८५३ चा: वशिला नको. संस्थांच्या शाळांत नोकरीसाठी काय काय मोजावं लागे, हे आपल्या नात्यागोत्यात सगळ्यांना ठाऊक आहे, मी नव्याने सांगायला नको.

माझी भाचेसून साताऱ्याकडे तासिका तत्त्वावर शिकवायची. २०२३ च्या परीक्षेसाठी ती आमच्याकडे राहायला आली होती. अप्पा बळवंत चौकातून जाडजूड पुस्तक आणलं, उघडलं आणि हसायलाच लागली. "मावशी, हे बघा! समसंबंध, वर्गीकरण, लयबद्ध मांडणी, कूट प्रश्न. अहो, हे तर आमचं चौथीच्या स्कॉलरशिपचं पुस्तक!" खरंच तसं होतं. तिच्या गावच्या गुरुजींनी पंचवीस वर्षांपूर्वी फुकट शिकवलेलं तिला तिशी उलटल्यावर नोकरीच्या दारात कामाला आलं. तिला अडचण आली ती इंग्रजीच्या प्रश्नांची आणि घड्याळाची. रोज वीस मिनिटं इंग्रजी उतारा आणि एक दिवसाआड पूर्ण पेपर घड्याळ लावून, एवढाच आमचा क्लास. चुकलेल्या प्रश्नांची वेगळी वही. त्यात उत्तर लिहायचं नाही, 'मी काय समजले आणि त्यांना काय हवं होतं' हे लिहायचं. पुढे तिची जिल्हा परिषदेच्या शाळेत निवड झाली. तिच्याबरोबरच्या किती जणी हुशार असून राहिल्या, तेही तिनेच सांगितलं.

म्हणून या चाचण्या वाईट, असं मी म्हणणार नाही. वशिल्यापेक्षा त्या शंभरपट बऱ्या. निदान शेतकऱ्याच्या मुलीला हॉलमध्ये तरी बसता येतं. पण त्यांना कुणी जन्मजात बुद्धीचा दाखला समजू नये. आणि भाषेचा प्रश्न राहतोच. यूपीएससीने २०११ मध्ये सीसॅटचा पेपर आणला तेव्हा प्रादेशिक भाषांतून शिकलेल्या मुलांनी तक्रार केली, २०१४ मध्ये आंदोलनं झाली आणि २०१५ पासून तो पेपर फक्त ३३ टक्क्यांनी उत्तीर्ण होण्यापुरता ठेवला गेला. एमपीएससीने २०१३ मध्ये तोच पेपर आणला आणि २०२२ मध्ये तसाच पात्रतेपुरता करायचं ठरवलं. सरकारी बँकांच्या कारकुनी परीक्षा मराठीसह तेरा भारतीय भाषांत घ्यायचा निर्णय २०२१ मध्ये झाला. राष्ट्रीयीकरणानंतर बावन्न वर्षांनी! तोवर माझ्यासारख्या किती बी.ए. झालेल्यांनी ते बाण आणि त्रिकोण इंग्रजीतून सोडवले असतील...

आज फुकटचे तास कमी झालेत आणि पाट्या वाढल्यात. ज्याला फी परवडते त्याला पेपर काढणाऱ्याची विभागणी कळते. पावणेदोनशे वर्षांत प्रश्न बदलले, पण कुणाला सराव मिळतो आणि कुणाला नाही, हा मुद्दा तिथेच आहे. यावर सरकारने काय करावं हे सांगणारी मी कोण? शाळेच्या वेळापत्रकात आठवड्याला एक तास बुद्धिमत्ता चाचणीचा, स्कॉलरशिपला बसणाऱ्या चार हुशार मुलांसाठी नव्हे तर सगळ्या वर्गासाठी, एवढं जरी झालं तरी बराच फरक पडेल, असं माझा अनुभव सांगतो.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या खोलीत पाच-सहा मुली येतात. कुणाचे वडील रिक्षा चालवतात, कुणाची आई पोळ्या करते. दोघी बँकेची तयारी करताहेत, बाकीच्या भरतीची वाट बघताहेत. नातेवाईकांना आणि इथे नेहमी येणाऱ्या सगळ्यांना एकच विनंती: माळ्यावर मुलांची जुनी स्कॉलरशिपची पुस्तकं, सरावसंच पडले असतील तर रद्दीत घालू नका. माझ्याकडे पाठवा, नाहीतर जवळच्या शाळेत नेऊन द्या. पेन्सिलीने सोडवलेली असली तरी चालतील. खोडरबर आहेत माझ्याकडे.